३३२ आणि ती टकटक

नोकरी लागली तेव्हा ऑफिस कुर्ल्याला आणि घर मरोळला, त्यामुळे माझी रोजची बस ३३२. कुर्ला स्टेशन पश्चिम ते अंधेरी पूर्वेचा आगरकर चौक. सकाळी फारसं काही वाटायचं नाही पण संध्याकाळी जरीमरी ते साकीनाका हा पट्टा म्हणजे जीव जायचा, त्यात २००८ ला साकीनाक्यापासून पुढे मेट्रोचं काम निघालं आणि रस्ता अजूनच अरुंद झाला. बस उभीच. खिडकीची सीट मिळाली की मला हमखास झोप लागायची.

तेव्हाच्या एका कंडक्टरना मी कधीच विसरणार नाही. उंच, पन्नाशीचे, चामड्याची बॅग खांद्याला आणि हातात तो तिकिटांचा पत्र्याचा डबा. रंगीत तिकिटांच्या गड्ड्या त्यात रकान्यात लावलेल्या, अंगठ्याने तिकीट वर सरकवायचं, फाडायचं, पंचने भोक पाडायचं, हे सगळं धावत्या बसमध्ये कशालाही न धरता, नुसतं सीटला मांडी टेकवून. आणि मधल्या वेळात पंचची टकटक चालूच. पुढे चला, मधे रिकामं आहे, टकटक. सुट्टे द्या, टकटक. तिकीट घेतलं की मी ते घड्याळाच्या पट्ट्यात खोचून ठेवायचे, आईची सवय.

पहिल्यांदा झोपले तेव्हा त्यांनी माझ्या समोरच्या सीटच्या दांड्यावर पंच वाजवला. "ताई, मरोळ नाका." मी दचकून उठले, पुढच्या दाराने उतरले, मागे दोनदा बेल वाजली आणि बस गेली सुद्धा. मग हे नेहमीचंच झालं. हात लावायचा नाही, ओरडायचं नाही, फक्त दांड्यावर टकटक. एवढ्या गर्दीत, पन्नासेक माणसांचे सुट्टे आणि स्टॉप सांभाळत या माणसाने माझा स्टॉप पण लक्षात ठेवला होता, हे आजही आठवलं की भरून येतं.

मुंबईत पहिली बस धावली १५ जुलै १९२६ ला, अफगाण चर्च ते क्रॉफर्ड मार्केट. इतक्या वर्षांत असे किती कंडक्टर किती झोपलेल्यांना उठवून गेले असतील, त्याची कुठे नोंद असणार.

आता हातातल्या मशीनमधून तिकीट येतं, मोबाईलवरही मिळतं. सोयीचं आहे, मी पण तेच वापरते. भाडंही बदललं, २०१९ ला कमीत कमी ५ रुपये झालं होतं ते २०२५ च्या मे मध्ये १० झालं. पण ती टकटक नाही ऐकू येत.

मागच्या आठवड्यात बऱ्याच दिवसांनी ३३२ ला बसले. शेजारी कॉलेजचा मुलगा, मांडीवर सॅक, तिकीट काढताना मरोळ नाका म्हणालेला मी ऐकलं होतं. साकीनाका गेलं, तो गाढ झोपेत. मी पर्समधून किल्ली काढली आणि समोरच्या दांड्यावर वाजवली, दोनदा.

"मरोळ आलं रे."

सॅक सावरत उठला आणि दाराकडे पळाला.