तुम्ही विचारलंत म्हणून: या जुन्या रायफली घासून लख्ख का नाही करत?

आमच्या घरी पहिल्यांदा येणारं जवळजवळ प्रत्येक मराठी माणूस चहाचा कप हातात घेऊन माझ्या खोलीतल्या कपाटापाशी थांबतं. बंदुका कशाला, चालवतेस का, भीती नाही वाटत का, हे सगळं विचारतात, पण नंतर. पहिला प्रश्न ठरलेला: "अगं, एवढे पैसे घालून घेतल्यास, मग घासूनपुसून लख्ख का नाही करत? किती कळकट दिसतात!" गेल्या दिवाळीत आत्या आली होती. तिने विचारत बसण्यापेक्षा सरळ वाडगाभर चिंच भिजत घातली.

तेव्हा तिला जे सांगितलं तेच इथे सविस्तर सांगते.

माझ्याकडे पाच रायफली आहेत. पाचही लिव्हर-ॲक्शन, म्हणजे चापाभोवतीची कडी खाली ओढून वर केली की आत पुढचं काडतूस भरलं जातं अशा. पाचही १८९८ किंवा त्याआधीच्या. ही सीमारेषा कायद्याची आहे: १९६८च्या गन कंट्रोल ॲक्टनुसार १८९८पर्यंत बनलेली बंदूक अमेरिकेच्या संघराज्याच्या कायद्यात 'अँटिक' ठरते. राज्याराज्यांचे नियम आणखी वेगळे, ते ज्याने त्याने बघायचे. मी कनेटिकटमध्ये राहते. अशा रायफली बनवणाऱ्या विंचेस्टर कंपनीचा इथला न्यू हेवनचा कारखाना २००६ मध्ये बंद झाला आणि त्याच्या जुन्या विटांच्या इमारतीतल्या काही भागात आता लोक राहतात. तिथून पहिल्यांदा गेले तेव्हा मला चिंचवड आठवलं. अण्णा, माझे वडील, तिथे एका कारखान्यात फिटर होते. कानस कशी धरायची हे मी अक्षरओळखीच्या आसपासच शिकले. या छंदाचं मूळ तिथे आहे.

आता घासण्याबद्दल. मी घासत नाही, कारण एकदा घासली आहे.

बारा वर्षांपूर्वी घेतलेली माझी पहिली रायफल, विंचेस्टर मॉडेल १८९२ची कार्बाइन, म्हणजे आखूड नळीची. तपकिरी पडलेली, डाव्या बाजूला खोगिराला अडकवायची कडी. मला वाटलं, फिटरची मुलगी मी, हिला पुन्हा नवी करून दाखवते. एमरी पेपर घेतला, मग बारीक, मग त्याहून बारीक. वर बाजारात मिळतं ते लोखंडाला निळसर थर देणारं रसायन चोळलं. दोन शनिवार-रविवार गेले आणि रायफल आरशासारखी झाली. कौतुकाने एका जुन्या संग्राहकांकडे घेऊन गेले. त्यांनी ती दिव्याखाली फिरवली, मी आधी काढलेला फोटो मागितला, आणि फोटोतल्या एका जागेवर बोट ठेवून विचारलं, "इथे काय लिहिलं होतं?" यंत्राच्या पेटीच्या डाव्या अंगाला कुणीतरी टोकदार वस्तूने तीन अक्षरं खरवडली होती. फोटोत ती दिसतात, पण वाचता येत नाहीत. रायफलीवर ती आता नाहीत. कुणा माणसाने आपलं नाव घातलं असेल, किंवा गुरांच्या कळपाचं चिन्ह असेल. मला ते कधीच कळणार नाही आणि माझ्यानंतर कुणालाही कळणार नाही. याचं वाईट आजही वाटतं.

दुसरी रायफल बघा, मॉडेल १८७३. नळी आठ पैलूंची, चोवीस इंची. नंबरावरून १८८०च्या दशकातली. लिव्हरच्या थोडं पुढे, खालच्या बाजूला, जिथे एका हाताने उचलली की तोल साधतो, तिथला निळा थर पार गेला आहे आणि लोखंड राखी दिसतं. म्हणजे हिला कुणीतरी वर्षानुवर्षं हातात धरून चाललं आहे. पेटीच्या कडा एकाच बाजूला जास्त झिजल्या आहेत, ती घोड्यावरच्या चामडी म्यानाची झीज. दस्त्याच्या मनगटापाशी, म्हणजे मूठ जिथे बसते तिथे, एक बारीक चीर आहे, आणि चिरेभोवती चार बोटं रुंदीचा फिकट पट्टा. लाकडी दस्ता तडकला की त्यावर ओलं कच्चं चामडं गुंडाळून शिवायचे. वाळताना ते आवळतं आणि चीर मिटते. हिच्यावरचं चामडं कधीच गळून गेलं, पण त्याखालच्या लाकडाला ऊन लागलं नाही, हाताचा घाम लागला नाही, म्हणून तो पट्टा उरला. दोन मिनिटं सँडपेपर मारला तर ती दुरुस्ती झाली होती याचा पुरावा संपला. दस्ता मात्र फार सुंदर दिसेल, अक्रोडाचं लाकूड आहे.

लिव्हर ओढली की आतला पितळेचा ठोकळा वर येताना दिसतो. नळीखालच्या लांब नळकांड्यातून मागे आलेलं काडतूस तो उचलून नळीच्या मागच्या तोंडासमोर आणतो. बंद होताना आतली दोन पाती गुडघ्यासारखी सरळ होतात आणि काडतूस नळीत ढकलणाऱ्या दट्ट्याला मागून अडसर होतो. ही गुडघ्याची रचना १८६०च्या हेन्री रायफलीतही होती. पुढे १८८६च्या मॉडेलमध्ये जॉन ब्राउनिंगने ती टाकून दोन उभे अडसर बसवले, म्हणून त्यात मोठी काडतुसं झेपली. त्रेहत्तरचं काडतूस त्या मानाने लहान, .४४-४०, म्हणजे .४४ कॅलिबर (गोळीची जाडी) आणि चाळीस ग्रेन वजनाची बंदुकीची काळी दारू. आत्याची नजर नेमकी त्या पितळी ठोकळ्यावर होती. तो काळपट मधासारखा झाला आहे. "हे पितळ तरी घासू दे," म्हणाली. पण या ठोकळ्याच्या खालच्या अंगालाही वाचायचं असतं. पुढे .३८ कॅलिबरची काडतुसं आली तेव्हा तिथे कॅलिबरचा ठसा मारू लागले. त्याआधीच्या .४४ला ठसा नसे, कारण दुसरं कॅलिबरच नव्हतं. असा उथळ ठसा घासून गेला तर पुढचा माणूस रायफलीची ओळख चुकवेल.

आपल्याकडे शिवराई गोळा करणाऱ्याला हे समजवावं लागत नाही. तांब्याचं नाणं चिंचेने चमकवलं की त्याचं काय होतं ते त्याने पाहिलेलं असतं.

या खुणांना मी एवढं का जपते, त्याला आणखी एक कारण आहे आणि मला ते सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. २५ जून १८७६ला माँटानातल्या लिटल बिगहॉर्न नदीकाठी अमेरिकी सैन्यातल्या कस्टरच्या तुकडीचा तिथल्या मूळ रहिवाशांपैकी लकोटा आणि शायान जमातींच्या योद्ध्यांनी पाडाव केला. सैनिकांकडे एकेक काडतूस भरायच्या स्प्रिंगफील्ड कार्बाइन होत्या. समोरच्यांपैकी बऱ्याच जणांकडे हेन्री आणि विंचेस्टर होत्या. किती होत्या यावर शंभर वर्षं नुसते वाद चालले. १९८३मध्ये तिथलं गवत पेटलं, जमीन उघडी पडली, आणि पुढच्या दोन उन्हाळ्यांत पुरातत्त्वज्ञांनी धातुशोधक यंत्रं घेऊन ते माळरान पिंजून काढलं. काडतुसांच्या रिकाम्या पुंगळ्या सापडल्या. हेन्रीच्या काडतुसावर आपटणाऱ्या पिनेला दोन टोकं असतात, ती पुंगळीच्या कडेवर समोरासमोर दोन खुणा उठवते. अशा खुणा भिंगाखाली ताडून कोणत्या पुंगळ्या एकाच बंदुकीच्या, ती बंदूक माळावर कुठून कुठे गेली, हे मांडता आलं. ज्यांची जमीन गेली त्यांच्या लढण्याचा लेखी कागद फारसा नाही, जे लिहिलं ते बहुतेक दुसऱ्या बाजूने लिहिलं. पिनेच्या त्या खुणा त्यांच्या बाजूची साक्ष देतात. त्या काळातल्या कुठल्याही रायफलीवर ओरखडा दिसला की मी आता हात आवरते.

आणि २०१४ची गोष्ट तर मी सगळ्यांना सांगते. नेवाडातल्या ग्रेट बेसिन राष्ट्रीय उद्यानात पुरातत्त्व विभागाची माणसं पाहणी करत असताना जुनिपरच्या झाडाला टेकवून ठेवलेली एक रायफल दिसली. मॉडेल १८७३. कुणीतरी टेकवली आणि परत आलाच नाही. दस्ता भेगाळून झाडाच्या सालीसारखा राखाडी झालेला, त्याचं टोक मातीत रुतलेलं. नंबरावरून कारखान्याची नोंद सापडली: १८८२. कुणाला विकली, त्याचा उल्लेख नाही. ती वायोमिंगमधल्या कोडी गावच्या बंदुकांच्या संग्रहालयात नेली. तिथे त्यांनी काय केलं? सुटणारं लाकूड जागच्या जागी धरून ठेवलं, आणि क्ष-किरणाने आत बघितलं. नळीत काही नव्हतं. दस्त्याच्या बुडाशी, साफ करायची सळई ठेवतात त्या पोकळीत, एक काडतूस होतं. एवढं झाल्यावर गंजासकट, भेगांसकट ती तशीच परत नेवाडाला पाठवली. घासून, नवा दस्ता बसवून ठेवली असती तर ती सात लाखांतली आणखी एक त्रेहत्तर झाली असती.

घासत नाही म्हणजे वाऱ्यावर सोडत नाही. गंज दोन प्रकारचा. बोटाला लाल भुकटी लागते तो जिवंत, तो लोखंड खात असतो, त्याला थांबवावंच लागतं. मी त्यावर पातळ तेल सोडते, रात्रभर राहू देते आणि सकाळी आईच्या जुन्या सुती साडीच्या तुकड्याने टिपते, तीन-चार वेळा. दुसरा गडद तपकिरी, बसलेला, गुळगुळीत. त्याला हात लावायचा नाही, तोच आता तिचा थर. घामातलं मीठ लागू नये म्हणून हातमोजे घालते. वर्षातून एकदा संग्रहालयात वापरतात तसलं मेण, अगदी पातळ. शिवाय तोंड खाली करून ठेवते, नाहीतर यंत्रातलं तेल उतरत उतरत दस्त्याच्या लाकडात मुरतं आणि लाकूड सडतं. ही चूक मी दुकानांतसुद्धा बघितली आहे. चालवत मात्र नाही. एकशेतीस वर्षांच्या लोखंडावर भरवसा ठेवावा असं मला वाटत नाही.

घेतानाही हेच बघते. कडा बोथट, स्क्रूच्या भोकांभोवती वाटीसारखा खळगा, कारखान्याची अक्षरं पुसट, आणि वर निळा रंग मात्र नवाकोरा: अशी रायफल कितीही देखणी असली तरी मी खाली ठेवते.

आत्याबरोबर अण्णाही आले होते. ते कौतुक करतील की नाही मला कळत नव्हतं. मी दोन्ही रायफली टेबलावर शेजारी शेजारी ठेवल्या आणि काहीच सांगितलं नाही. त्यांनी आधी ब्याण्णवच्या कडेवरून नख फिरवलं. "हिला कागद मारलाय कुणीतरी. पैलू गेले." मी म्हटलं, "मीच मारलाय, अण्णा." ते काही बोलले नाहीत. मग त्रेहत्तर उचलली, चष्मा कपाळावर सरकवला, भिंग मागितलं आणि एकेक स्क्रू बघत बसले. बाकी सगळ्यांच्या खाचा नीट होत्या, एकाची फाटली होती. "हा चाकूच्या टोकानं फिरवलाय," ते म्हणाले. "घाईत होता बिचारा. पेचकस नव्हता जवळ." बराच वेळ ते त्या एका स्क्रूकडे बघत होते. आत्याही येऊन शेजारी वाकली आणि तिनेही भिंगातून पाहिलं.

चिंच वाया गेली नाही. संध्याकाळी तिने समया घासल्या.