होडी चिखलातून ओढणार कोण?

दाजींची लोखंडी पत्र्याची होडी यंदा परत गळायला लागली. डांबर फासून फासून तळाला नुसती ठिगळं झालीत. म्हणून आता ॲल्युमिनियमची करायची. मी इथं अक्कलकोट रोड एमआयडीसीत आर्गन वेल्डिंग करतो, म्हणजे मजुरी घरचीच. वाद लांबीचा होता. बारा फुटी की सोळा?

मी सोळावर अडून बसलेलो. डोक्यात 2024 चा मे. उजनी धरणात कुगावहून कळाशीला निघालेली बोट वादळी वाऱ्यात उलटली, सहा जण गेले. दाजींचं कंदर त्याच उजनीच्या काठावर. वळवाचा वारा सुटला की आखूड होडी प्रत्येक लाटेत नाक खुपसते, लांब होडी जरा दम धरते. हे सगळं मी रविवारी जेवताना दाजींना ऐकवलं.

दाजी भाकरी मोडत म्हणाले, "पाव्हणं, उन्हाळ्यात ती चिखलातनं वढणार कोण? तुमी येणार का सोलापुरावनं?"

खरं होतं. उजनीत 117 टीएमसी पाणी मावतं, त्यातलं निम्म्याहून जास्त मृतसाठा, म्हणजे टक्केवारीत न धरलेलं तळाचं पाणी. पेपरात शून्य टक्के छापून आलं तरी मासेमारी चालूच असते, फक्त काठ लांब पळतो आणि मधे गुडघाभर गाळ. तेव्हा पाण्यातून उघडं पडलेलं पळसदेवचं देऊळ बघायला लोक गाड्या करून येतात. दाजी त्याच गाळातून चिलापीचे क्रेट डोक्यावर आणतात.

सोमवारी शॉपवर हिशेब मांडला. तीन मिलीचा ॲल्युमिनियम पत्रा चौरस मीटरला आठ किलो, तेवढंच लोखंड साडेतेवीस. आतल्या पट्ट्या, बसायच्या फळ्या धरून बारा फुटी ऐंशीच्या घरात, सोळा फुटी एकशेवीसच्या. ऐंशी दोघं ओढतील. एकशेवीसला गाळात चौघं लागतील, आणि पहाटे पाचला चौघं कुठले?

तरी मी फोनवर ताईला म्हटलं, वाऱ्याला सोळाच बरी.

ताई म्हणाली, "मोठी केलीस तर आणखी चारजण बसतील. यांना कुणाला नाही म्हणता येतंय का? पलीकडं सोडा म्हटलं की निघाले."

याचा हिशेब माझ्याकडं नव्हता.

बाराच ठरली. पण होडी उलटते ती आडवी, म्हणून तीनऐवजी चार फूट रुंद तळ धरला, आठ-दहा किलो वाढले तरी. पत्रा 5052 ग्रेडचाच घेणार, होड्यांना वापरतात तो कडक मिश्रधातूचा. भांड्याचा पत्रा स्वस्त पडतो, पण खडकावर आपटला की लगेच चेपतो. फळ्यांखाली थर्माकोल कोंबायचा, पाणी भरलं तरी बुडायला नको. लोखंडी नट-बोल्ट एकही नाही, ओलीत ते ॲल्युमिनियम खातात.

लाइफ जाकिटं ताईनं चार मागवलीत. दाजी म्हणतात, माणसं दोनच बसणार, मग चार कशाला? ताई गप्प बसली. बारा फुटी माझ्या वजनाच्या हिशेबानं ठरली असं दाजींना वाटतंय, आणि मीही ते तसंच राहू दिलंय.