आजीचा जन्म विलायतेतला असेल तर

नोकरीच्या व्हिसावर इकडे यूकेत यायचं तर आता बहुतेकांना वर्षाला किमान ४१,७०० पौंड पगार आणि स्पॉन्सर लायसन्सवाली, म्हणजे परदेशी माणसं नेमायचा सरकारी परवाना असलेली कंपनी लागते. आजी-आजोबांपैकी एकाचा जन्म यूकेत झालेला असेल तर यातलं काहीच नाही. ‘यूके ॲन्सेस्ट्री’ व्हिसा थेट पाच वर्षांचा मिळतो. हा नियम ऑस्ट्रेलिया-कॅनडाकडच्या गोऱ्या नातवंडांच्या सोयीचा, हे उघडच आहे. पण अट राष्ट्रकुल नागरिकत्वाची आहे, रंगाची नाही. भारतीय पासपोर्ट चालतो, तेव्हा ‘वशिला’ म्हणून नाकं मुरडणाऱ्यांना मुरडू द्या. पोर्तुगाल राष्ट्रकुलात नाही, म्हणून पोर्तुगीज पासपोर्ट घेतलेल्या गोवेकराला मात्र हे दार बंद.

पणजोबा चालत नाहीत, सावत्र नातं चालत नाही, कायदेशीर दत्तक चालतं.

आधी एक तपासा. १९८३ पूर्वी इथे जन्मलेलं मूल, परदेशी राजनैतिक अधिकाऱ्यांची मुलं वगळता, जन्मतःच ब्रिटिश. साठ-सत्तरच्या दशकात इथे नोकरी करून परतलेल्या डॉक्टरांची मुलं अशी आहेत. तुमची आई त्यांतली असेल तर तुम्हीही ब्रिटिश असू शकता, मग व्हिसाचा प्रश्नच नाही. फक्त तो पासपोर्ट घेतला की भारतीय नागरिकत्व संपतं.

खरं दुखणं कागदांचं. तीन पिढ्यांचे जन्मदाखले आणि मधल्या लग्नांचे दाखले लागतात. आजीचा दाखला इंग्लंडमधला असेल तर जनरल रजिस्टर ऑफिस या तिथल्या जन्म-मृत्यू नोंदणी कार्यालयाकडून ऑनलाइन मिळतो. आईवडिलांची नावं असलेला पूर्ण दाखलाच मागवा. घोडं अडतं आपल्याकडे. आईच्या जन्मदाखल्यावर ‘सुमन विष्णू जोशी’, तिच्या मुलाच्या दाखल्यावर ‘माधवी श्रीधर केळकर’. बाई एकच, हे आपल्याला न सांगता कळतं. इथल्या अधिकाऱ्याने का मानावं? विवाह नोंदणीचा दाखला, राजपत्रातली नावबदलाची नोंद, जुना पासपोर्ट यांची साखळी जोडावी लागते. नुसत्या प्रतिज्ञापत्रावर भिस्त ठेवू नका. जुन्या दाखल्यांवर अनेकदा बाळाच्या नावाचा रकानाच कोरा असतो. तो नगरपालिकेतून आधी भरून घ्या. मराठी दाखल्याला इंग्रजी भाषांतर हवं, त्यावर भाषांतरकाराची सही, तारीख, संपर्क.

अर्ज यूकेबाहेरूनच करायचा. क्षयाची तपासणी मान्यताप्राप्त केंद्रात. नोकरी हातात नसली तरी काम करायची तयारी दिसली पाहिजे: सीव्ही, पाठवलेले अर्ज, शिवाय सुरुवातीच्या खर्चापुरती शिल्लक. फी वेगळी, आरोग्य सरचार्ज (इथल्या सरकारी आरोग्यसेवेसाठी आगाऊ भरायची रक्कम) वर्षाला १,०३५ पौंड, म्हणजे पाच वर्षांचे ५,१७५ एकरकमी. नवरा-बायको, मुलं यांचा प्रत्येकी निराळा. व्हिसा नाकारला तर सरचार्ज परत येतो, फी येत नाही.