विक मुक्कामी, अजून १७ मैल

स्कॉटलंडच्या उत्तर टोकाकडच्या लॅथरन गावापाशी ए-९ रस्ता डावीकडे थर्सोला जातो आणि किनाऱ्याकिनाऱ्याने ए-९९ सुरू होतो. लँड्स एंडहून पायी निघाल्यापासून हा फाटा मी नकाशावर कितीदा तरी पाहिला होता. ब्रिटनच्या नैर्ऋत्य टोकापासून ईशान्य कोपऱ्यातल्या जॉन ओ'ग्रोट्सपर्यंत रस्त्याने ८७४ मैल, म्हणजे साधारण १,४०० किलोमीटर. पायवाटा धरल्या की त्यात भर पडत जाते. आज संध्याकाळी विकला पोचलो. इथून राहिले १७ मैल. मनात आणलं तर उद्याच संपेल.

पण मी परवा निघणार आहे. उद्याचा दिवस इथल्या बाजारपेठेत कर्करोगावरच्या संशोधनासाठी मदतीचा डबा घेऊन उभं राहायचं ठरवलंय.

सुरुवातीला, लँड्स एंडच्या कॉर्नवॉलमध्ये, लोक विचारायचे, "कुठे निघालात?" जॉन ओ'ग्रोट्स म्हटलं की मनापासून शुभेच्छा द्यायचे आणि आपल्या वाटेने जायचे. त्यात त्यांचं काही चुकलं नाही, पहिल्या आठवड्यात असं कोणीही म्हणू शकतं. स्कॉटलंडमधलं इन्व्हरनेस मागे पडल्यावर मात्र प्रश्नच बदलला. आता विचारतात, "कुठून आलात?" लँड्स एंड ऐकलं की माणूस थांबतो, आधी माझ्या बुटांकडे बघतो, मग डब्यावरचा मजकूर वाचतो. दक्षिणेत आठवड्यात जमले नाहीत एवढे पैसे इथे एखाद्या दुपारी जमतात. म्हणून शेवटचा टप्पा धावतपळत उरकू नये, असं माझं ठाम मत झालंय. चालण्याचं वजन याच टप्प्यात पडतं.

पैसे जाणार आहेत लहान मुलांच्या रक्ताच्या कर्करोगावरच्या संशोधनाला. याच वाटेने, उलट्या दिशेने, १९८५ मध्ये इंग्लंडचा क्रिकेटपटू इयान बोथम चालला होता. १९७७ मध्ये पायाच्या दुखापतीसाठी तो टाँटनच्या रुग्णालयात गेला असताना त्याने तिथे ल्युकेमियाची, म्हणजे याच कर्करोगाची, मुलं पाहिली, आणि ती त्याच्या मनातून गेलीच नाहीत. आम्हा क्रिकेटवेड्यांना हेडिंग्लेच्या कसोटीतली त्याची १९८१ ची खेळी पाठ असते. माझ्या लेखी ती चाल त्याहून मोठी आहे.

हेल्म्सडेलच्या बंदरावर एक आजोबा भेटले. डब्यावरचं वाचून म्हणाले, "माझी धाकटी बहीण यातच गेली. पाच वर्षांची होती. कळल्यावर काही आठवड्यांतच." त्यांनी नोट काढून चौघडी केली, ती फटीत जाईना, तेव्हा गुडघ्यावर ठेवून तळहाताने सरळ केली आणि लांबट घडी घालून पुन्हा आत सरकवली. मग विचारलं, "आता किती मुलं वाचतात?" मी सांगितलं, मुलांमध्ये सगळ्यात जास्त आढळणारा जो प्रकार आहे, त्यात इथे दहातली नऊच्या आसपास. उपचार दोन वर्षांहून जास्त चालतात, पण मुलं बरी होतात. त्यांनी मला तो आकडा पुन्हा सांगायला लावला. उरलेल्या एका मुलासाठी आणि त्या दोन वर्षांचा त्रास कमी व्हावा म्हणून चालतोय, हेही सांगितलं. तेव्हा त्यांनी माझा हात बराच वेळ धरून ठेवला.

हेल्म्सडेलनंतरचा ऑर्डचा चढ दमवतो. रस्त्याला पदपथ नाही, उजव्या कडेने समोरून येणारे ट्रक बघत चालायचं. फोड कधीच सुकले, आता दुखते ती नडगी, आणि तीही उतारावर. बेरीडेलचा उतार मी पट्टी आवळून, पाय आडवे टाकत उतरलो.

त्याआधी बॅडबे हे ओसाड गाव लागलं. मेंढ्या चारण्यासाठी जमीनदारांनी जमिनीवरून हुसकून लावलेल्या कुटुंबांनी इथे कड्याच्या काठावर घरं बांधली होती. वारा असा, की मुलं खाली जाऊ नयेत म्हणून त्यांना दोरीने बांधून ठेवत, असं सांगतात. १९११ मध्ये शेवटचा रहिवासी गेला, आणि न्यूझीलंडला गेलेल्या एका गावकऱ्याच्या मुलाने त्याच वर्षी तिथे स्मारक उभारलं. भिंती गुडघाभर उरल्यात. मी तिथे ठरवल्यापेक्षा खूप जास्त वेळ बसलो. मुलांना जगवण्यासाठी माणसं काय काय करतात, हेच डोक्यात होतं.

केथनेस परगण्यात शिरलं की जमीन सपाट होते. शेतांना कुंपण म्हणून दगडी फरशा उभ्या पुरलेल्या. जूनमध्ये रात्री दहानंतरही उजेड असल्यामुळे घाई करावी लागत नाही.

परवा सकाळी आठला निघेन. जॉन ओ'ग्रोट्सच्या पाटीपाशी फोटो होईल, पण मी तिथे थांबणार नाही. खरं ईशान्य टोक डन्कन्सबी हेड आणखी दोनेक मैलांवर आहे, आणि तिथवर जायचंच आहे. नडगीला उद्याची विश्रांती पुरेल असं वाटतंय. डबा घेऊन उभं राहायला ती फारशी लागत नाही.