कोयासानच्या मठात मुक्काम करताना

ओसाकाच्या नांबा स्थानकातून नानकाई रेल्वेने गोकुराकुबाशीपर्यंत जावे, तेथून केबल कारने पाच मिनिटांत डोंगर चढावा आणि पुढे बसच घ्यावी, कारण वरच्या स्थानकातून गावाकडे जाणाऱ्या रस्त्यावर पायी चालण्यास मनाई आहे. सुमारे 800 मीटर उंचीवरचे कोयासान हे शिंगोन या बौद्ध पंथाचे पीठ असून कूकाई ऊर्फ कोबो दाइशी यांनी नवव्या शतकात ते वसवले. येथील शंभराहून अधिक मंदिरांपैकी सुमारे 50 मंदिरांत पाहुण्यांच्या मुक्कामाची सोय आहे. आम्ही अशाच एका मठात उतरलो.

वेळ येथे पाळावीच लागते. रात्रीचे जेवण साडेपाच-सहालाच मांडले जाते आणि वाढणाऱ्या भिक्षूंना पहाटेच्या पूजेसाठी उठायचे असते. म्हणून पाचच्या आत पोहोचावे आणि गाडी चुकलीच, तर फोन करून तसे कळवावे.

दाराशी जोडे काढण्याची सवय आपल्याला असतेच. गोंधळ उडतो तो त्यानंतर. लाकडी ओसरीवर मठाच्या सपाता घालायच्या, तातामीच्या (गवती चटयांच्या) खोलीच्या उंबऱ्याबाहेर त्याही उतरवायच्या, आणि शौचालयातल्या वेगळ्या सपाता तेथेच सोडून यायचे. एक पाहुणे त्याच सपातांनी ओसरीवर आले, तेव्हा एका तरुण भिक्षूने एक शब्दही न बोलता नेहमीच्या सपाता त्यांच्यासमोर टोके पुढे करून ठेवल्या आणि किंचित वाकून तो निघून गेला. येथे कोणी टोकत नाही, त्यामुळे आपले काय चुकले हे बघूनच ओळखावे लागते.

सामायिक स्नानगृहात लहान स्टुलावर बसून, अंग घासून, साबणाचा अंशही उरणार नाही असे धुऊन मगच विवस्त्र हौदात उतरायचे असते, आणि हातातला पंचा पाण्यात बुडवायचा नसतो. हे ज्यांना जड जाईल त्यांनी आरक्षण करतानाच स्वतंत्र न्हाणीघराची चौकशी करावी. पोहण्याचा पोशाख घालून उतरू नये. नंतर युकाता (सुती किमोनो) नेसताना डावा पदर उजव्यावर घ्यावा, कारण उलट नेसवतात ते मृतदेहाला.

शाकाहारी प्रवाशाला जपानमध्ये इतके निर्धास्त जेवण क्वचितच मिळते. एरवी साध्या सूपातही सुक्या माशांचा अर्क असतो. मठाच्या शोजिन र्‍योरीत, म्हणजे शाकाहारी भोजनात, मात्र समुद्री शेवाळ आणि अळंबी यांचा अर्क वापरतात, आणि कांदा-लसूणही टाळतात. गोमा-दोफू हे तिळाचे तोफू अवश्य चाखावे. भातात चॉपस्टिक उभ्या खोचू नयेत आणि एकाच्या चॉपस्टिकमधून दुसऱ्याने आपल्या चॉपस्टिकने घास घेऊ नये. दोन्ही कृती अंत्यविधीतल्या आहेत. बॅगेतले लोणचे बॅगेतच राहू द्यावे, कारण त्याचा वास तातामीच्या खोलीत दिवसभर रेंगाळतो.

सकाळच्या पूजेनंतर ओकुनोइनला, म्हणजे कूकाईंच्या समाधिस्थळी, जावे. उंच सुगी (जपानी सीडर) वृक्षांखालून समाध्यांमधून जाणारी ही वाट सुमारे 2 किलोमीटरची आहे. कूकाई 835 पासून तेथे चिरसमाधीत आहेत अशी श्रद्धा आहे. आळंदीला जाणाऱ्यांना ही कल्पना परकी वाटणार नाही. गोब्योबाशी पुलापाशी टोपी काढून नमस्कार करावा. पुलापलीकडे छायाचित्रण आणि खाणेपिणे वर्ज्य आहे. कूकाईंना रोज सकाळी 6 आणि साडेदहा वाजता नैवेद्य नेला जातो. दुसरा पाहायचा असेल, तर खोली सोडून सामान मठात ठेवण्याची परवानगी आधीच घ्यावी आणि भिक्षूंची वाट न अडवता कडेला उभे राहावे.