वाड्याला काँक्रीटची मोजपट्टी

ठाण्याच्या खारकर आळीतील आमचे वडिलोपार्जित घर संरचनात्मक तपासणीत ‘सी-१’, म्हणजे अतिधोकादायक, ठरले आणि महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम २६४ खालील नोटीस दारावर लागली. ऑगस्ट २०१५ मध्ये नौपाड्यातील कृष्ण निवास इमारत कोसळल्याचे ठाणेकर विसरलेले नाहीत, त्यामुळे नोटिशीकडे काणाडोळा करण्याचा प्रश्नच नव्हता. परंतु ‘सी-१’ म्हणजे रिकामे करून पाडणे आणि ‘सी-२ए’ म्हणजे रिकामे करून दुरुस्त करणे, आणि घराचे भवितव्य या एका पायरीवर अवलंबून होते. घर वारसा यादीत नसल्याने तोही आधार नव्हता.

मी अहवालाची प्रत मिळवून ती ओळीने वाचली. त्यात रिबाउंड हॅमर आणि अल्ट्रासोनिक चाचणीचे आकडे होते. या चाचण्या काँक्रीटच्या. आणि आमच्याकडे काँक्रीट आहे ते केवळ मागाहून बांधलेल्या संडासाच्या स्लॅबमध्ये. बाकी सारे सागवानी खांब, तुळया, चुन्यातील वीटकाम आणि मंगलोरी कौले. नापास झाला होता तो स्लॅब, निष्कर्ष मात्र सबंध घराचा!

जुन्या लाकूडकामाची जाण असलेल्या दुसऱ्या अभियंत्यांनी प्रत्येक खांब हातोडीने वाजवून पाहिला आणि बुंध्यात टोचा घातला. पडवीतील दोन खांबांत तो मुठीपर्यंत गेला, बाकीच्यांत जेमतेम खरचटला. भिंतींवर पूर्वी कोणी चढवलेल्या सिमेंटच्या गिलाव्यामुळे ओल आत कोंडून तुळयांची टोके कुजली होती. दोष घराच्या वयाचा नव्हता, त्या ‘सुधारणे’चा होता.

दोन अहवालांत तफावत आल्यामुळे प्रकरण तांत्रिक सल्लागार समितीपुढे गेले. मिळकत पत्रिका, नकाशे, टेकू लावल्याची छायाचित्रे हे सर्व जमले. खरी दमछाक झाली ती वारसांच्या संमतीपत्रांसाठी, कारण चुलतभावांपैकी काहींच्या डोळ्यांसमोर घर पाडून नवी इमारत बांधल्यास मिळणाऱ्या चटईक्षेत्राचा हिशेब होता, आणि तो चुकीचा होता असेही म्हणता येत नाही. स्थळपाहणीनंतर घराची वर्गवारी ‘सी-२ए’ झाली.

खांबांचे कुजलेले बुंधे कापून तेथे नवे सागवान सांधण्यास सुतार सहज मिळाला. चुन्यात काम करणारा गवंडी मात्र ठाण्यात मिळेना. अखेर वाईकडील एक गृहस्थ आले आणि त्यांनी पहिली अट घातली ती आवारात सिमेंटची एकही गोणी न आणण्याची.