दोन शाळांतले सम अंक

वैद्यकीय महाविद्यालयाच्या पीएसएम विभागात, म्हणजे दारावरच्या पाटीत ज्याला जनऔषधवैद्यकशास्त्र म्हटले आहे त्या सार्वजनिक आरोग्याच्या विभागात, मी सोळा वर्षे संख्याशास्त्राची अध्यापक आहे. माझी पदवी एमएस्सीची आहे; नावाआधी 'डॉ.' नाही, आणि या इमारतीत त्या एका अक्षरावाचून माणसाचे म्हणणे अर्धेच ऐकले जाते. एमडी-एमएसच्या प्रत्येक रेसिडेंटला थिसिस लिहावाच लागतो, आणि त्यासाठी तो माझ्याकडे दोनदा येतो. पहिल्या वर्षी सिनॉप्सिससाठी, म्हणजे अभ्यासाच्या आराखड्यासाठी, सॅम्पल साइझ, म्हणजे किती जण मोजायचे ते विचारायला, आणि शेवटच्या वर्षी, थिसिस जमा करायला पंधरा दिवस उरले की पी व्हॅल्यू काढून न्यायला. पी व्हॅल्यू म्हणजे प्रत्यक्षात फरक नसताना निव्वळ योगायोगाने एवढा फरक दिसण्याची शक्यता; ती ०.०५ च्या खाली आली की फरक 'सिग्निफिकंट' म्हणायचा. मधल्या काळात काय घडले ते सगळे मास्टर चार्ट नावाच्या एक्सेलच्या तक्त्यात असते, असे धरून चालायचे.

हा रेसिडेंट मात्र पी व्हॅल्यू स्वतःच काढून आला होता. "मॅडम, झीरो पॉइंट झीरो झीरो वनच्या खाली आलीय. तुम्ही फक्त एकदा नजर टाका, सर म्हणाले." मुलगा कष्टाळू होता. आठ आश्रमशाळा, प्रत्येकी ५० मुली, एकूण ४००; सगळीकडे तो स्वतः एसटीने आणि पुढे मिळेल त्या जीपने गेला होता. लोहाची आठवड्याची निळी गोळी सगळ्याच शाळांत मिळते. चार शाळांत शिक्षिकेने समोर उभे राहून, पाण्याचा पेला हातात देऊन ती गिळायला लावायची, आणि उरलेल्या चार शाळांत नेहमीप्रमाणे नुसती वाटायची, असा प्रयोग होता. हिमोग्लोबिन आधी आणि सहा महिन्यांनी मोजलेले. समोर गोळी घेणाऱ्या मुलींचे सरासरी हिमोग्लोबिन चांगलेच वर होते. शोधनिबंध कुठे पाठवायचा हेही गाइडने ठरवून टाकले होते.

मी पहिला प्रश्न विचारला, "चिठ्ठ्या कुणाच्या टाकल्या? मुलींच्या की शाळांच्या?" उत्तर अर्थातच शाळांच्या असे आले. एका आश्रमशाळेतल्या पन्नास मुली एकाच चुलीवरचे जेवतात, एकाच टाकीचे पाणी पितात, एकाच अधीक्षिकेचा कामसूपणा किंवा आळस त्यांच्या वाट्याला येतो. त्यामुळे त्या एकमेकींसारख्या असतात, आणि एकावन्नावी मुलगी मोजली म्हणून पूर्ण एका मुलीएवढी नवी माहिती मिळत नाही. हे सारखेपण कितीही थोडे असले तरी महाग पडते. त्याचे माप, इंट्राक्लस्टर कोरिलेशन, नुसते ०.०५ धरले तरी डिझाइन इफेक्ट, म्हणजे माहिती जितक्या पटीने घटते तो आकडा, १ + ४९ × ०.०५, म्हणजे ३.४५ होतो, आणि ४०० मुली साधारण ११६ मुलींएवढ्याच उरतात. हे मी कागदावर करून दाखवले, तेव्हा त्याने ज्या चेहऱ्याने तो कागद पाहिला, त्याच चेहऱ्याने लोक बँकेत चुकून कापले गेलेले पैसे पाहतात.

इथवर नेहमीचेच होते. क्लस्टरचे, म्हणजे अशा एकसारख्या गटांचे, भान नसलेले थिसिस मी दरवर्षी पाहते. पण कुठलीही टेस्ट लावण्याआधी शाळावार ठिपके मांडून बघायची माझी सवय आहे. प्रत्येक मुलीचा एक ठिपका, प्रत्येक शाळेचा एक उभा पट्टा. सहा पट्टे बाजरीचे दाणे सांडावेत तसे दिसत होते. दोन पट्ट्यांत मात्र ठिपके खिडकीच्या गजांसारखे, सारखे अंतर सोडून, आडव्या ओळींत बसलेले होते. आकडे उघडून पाहिले. १०.२, ९.८, १०.६, ११.०, १०.४. त्या दोन शाळांच्या शंभर मुलींत दशांश चिन्हापुढे एकही विषम अंक नव्हता. सुरुवातीच्या मोजणीत त्याच मुलींचे आकडे १०.७, ११.३, ९.९ असे सर्व प्रकारचे होते.

माझ्या मनात पहिला विचार आला तो वाईटच होता, आणि तो मी इथे लपवत नाही: आकडे घरी बसून लिहिले असावेत. या कामात संशय लवकर येतो. पण बनावट आकडे लिहिणारा माणूस असा शिस्तीने सम अंकांवर थांबत नाही; खुणांचे उपकरण थांबते. म्हणून त्याला काही न विचारता मी आधी खालच्या मजल्यावर फिजिऑलॉजीच्या प्रयोगशाळेत गेले, कारण हिमोग्लोबिन मोजायची जुनी खुणांची काचनळी, साली या शास्त्रज्ञाच्या नावाने ओळखली जाणारी, मी पुस्तकातल्या चित्रापलीकडे कधी पाहिली नव्हती.

तिथल्या तंत्रज्ञ मावशींनी मला ती सविस्तर दाखवली. नळीत दोनच्या खुणेपर्यंत सौम्य हायड्रोक्लोरिक आम्ल, त्यात पिपेटने वीस मायक्रोलिटर रक्त, मग दहा मिनिटे थांबायचे, म्हणजे तपकिरी अ‍ॅसिड हिमॅटिन तयार होते. नंतर थेंबथेंब डिस्टिल्ड वॉटर घालून ढवळत राहायचे, जोवर नळीतला रंग दोन्ही बाजूंच्या तपकिरी काचांशी जुळत नाही. नळीवरच्या खुणा ०.२ ग्रॅमच्या अंतराने आहेत. सगळे अंक सम का, याचे उत्तर तिथेच मिळाले. मी स्वतः एक नळी उजेडाकडे धरून पाहिली; ११.४ ला रंग जुळतोय असे वाटले, दोन थेंब घातले, ११.६ लाही तो तितकाच जुळत होता. "आणि दहा मिनिटं नाही थांबलं तर?" मी विचारले. "कमी येतंय ना मग. पोरं इथं तेच करतात, पाच मिनिटांत ओततात पाणी," मावशी म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी रेसिडेंटने काहीही न लपवता सांगितले. पावसात रस्ता बंद झाला होता, डिजिटल हिमोग्लोबिनोमीटरच्या पट्ट्या संपल्या होत्या, आणि त्या दोन दूरच्या शाळांत प्राथमिक आरोग्य केंद्राच्या तंत्रज्ञाने एका दुपारी पन्नास आणि दुसऱ्या दुपारी पन्नास मुलींचे हिमोग्लोबिन सालीच्या पद्धतीने मोजले. एका दुपारी पन्नास. त्यात प्रत्येकीसाठी दहा मिनिटे कोण थांबणार? "मॅडम, पण हिमोग्लोबिन ते हिमोग्लोबिनच ना?" हा प्रश्न त्याने अगदी प्रामाणिकपणे विचारला. त्या दोन्ही शाळा नुसती गोळी वाटलेल्या गटातल्या होत्या. इतरत्र सहा महिन्यांत सरासरी थोडी का होईना वाढली होती, या दोन ठिकाणी ती घसरली होती, आणि ती का घसरली यावर त्याने थिसिसच्या डिस्कशनमध्ये आदिवासी मुलींच्या आहाराबद्दल संदर्भांसकट दीड पान लिहूनही ठेवले होते. मास्टर चार्टमध्ये 'एचबी' असा एकच स्तंभ होता. कुठल्या यंत्राने मोजले याला जागाच नव्हती. मास्टर चार्टचा नमुना आमच्याकडे वर्षानुवर्षे सीनियरकडून ज्युनियरला जातो, आणि तो कसा असावा हे एकाही विभागप्रमुखाने मला आजवर विचारलेले नाही.

त्या दोन शाळा वगळल्या तर काय उरते? याला संगणकही लागत नाही. आठ शाळांतून चार निवडण्याचे ७० प्रकार आहेत, त्यामुळे चिठ्ठ्यांच्या हिशेबाने दोन्ही बाजू धरून लहानात लहान पी व्हॅल्यू ७० पैकी २, म्हणजे ०.०२९ येऊ शकते. सहा शाळा राहिल्या, चार एकीकडे आणि दोन दुसरीकडे, तर प्रकार १५ च उरतात आणि एकपंधरांश म्हणजे ०.०६७. गोळीने चमत्कार केला असता तरी हा अभ्यास त्याखाली जाऊ शकला नसता. मुली चारशे असोत की चार हजार, चिठ्ठ्या सहाच.

गाइडचा फोन आला. ते सज्जन आहेत, आवाज चढवत नाहीत. "अहो मॅडम, परीक्षकाला टी टेस्ट कळते. तुमचं क्लस्टर कोण बघतंय? पोराचं वर्ष जाईल." यातले शेवटचे वाक्य खोटे होते, फरक सिग्निफिकंट आला नाही म्हणून थिसिस नाकारला जात नाही. पण ते खोटे आमच्याकडे इतके मुरले आहे की बोलणाऱ्यालाही ते खरेच वाटते. शेवटी तडजोड झाली. शाळावार विश्लेषणाचा माझा तक्ता आत गेला, सालीची गोष्ट मर्यादांच्या यादीत दोन ओळींत आली, गोषवाऱ्यातून पी व्हॅल्यू निघाली. "फरक आढळला" हे शब्द मात्र राहिले. मी त्यावर अडून बसले नाही.

अडून बसले नाही याचे कारण माझ्या कपाटात होते. संख्याशास्त्रज्ञ आर. ए. फिशर यांनी १९३८ साली कलकत्त्याला भारतीय संख्याशास्त्र परिषदेत सांगितले होते की प्रयोग संपल्यावर संख्याशास्त्रज्ञाला बोलावणे म्हणजे बहुधा शवविच्छेदन करायला सांगणे. आमच्या पेशातली माणसे हे वाक्य ढालीसारखे वापरतात. मीही वापरत आले आहे. मात्र या प्रयोगाआधी मला बोलावले गेले होते. सिनॉप्सिसच्या फाइलमध्ये माझ्या अक्षरातला कागद निघाला: सॅम्पल साइझचे सूत्र फोर पी क्यू बाय एल स्क्वेअर, पी म्हणजे ५९, कारण राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत १५ ते १९ वर्षांच्या मुलींत रक्तक्षयाचे प्रमाण ५९ टक्क्यांच्या आसपास होते, क्यू म्हणजे शंभरातले उरलेले ४१, एल म्हणजे चालू शकणारी चूक ५, उत्तर ३८७, पुढे पेन्सिलीने "सुमारे ४००". हे सूत्र एखाद्या गोष्टीचे प्रमाण किती हे शोधण्याचे आहे, दोन गटांची तुलना करण्याचे नाही. गोळीचे दुसरे उद्दिष्ट त्याच पानावर खाली टाइप केलेले होते. त्या दिवशी दाराबाहेर नऊजण उभे होते आणि या कागदाला मी दहा मिनिटेही दिली नसावीत. मी सही केली, एथिक्स कमिटीने माझी सही पाहून मान्यता दिली, आणि पोरगा दीड वर्ष जीपने फिरला.

थिसिस जमा झाल्यावर पाच आठवड्यांनी तो परत आला. त्या दोन शाळांतल्या मुलींचे काय, असे मी मागे विचारले होते. कमी आकडा आलेल्यांना तीन महिने रोजच्या दोन गोळ्या सुरू झाल्या होत्या, आणि त्यातल्या कितीजणींना त्या खरोखर हव्या होत्या हे आम्हा दोघांनाही ठाऊक नव्हते. स्वतःच्या स्टायपेंडमधून पट्ट्या घेऊन तो पुन्हा तिथे गेला होता. बारा मुली सुट्टीला घरी गेलेल्या, बाकी ८८ मोजल्या. हे आकडे अभ्यासात वापरता येत नाहीत. काळ गेला आहे आणि मधे गोळ्या झाल्या आहेत. तरी त्याने शाळेची वही माझ्या टेबलावर उघडून ठेवली, आणि आम्ही दोघांनी वाकून आधी शेवटचेच अंक पाहिले. १०.९, ११.३, १२.१, १०.७, ११.५. वही न्यायला तो अजून आलेला नाही.